उतरलेल्या आकड्याची साक्ष

रतन,

लोक अजून माझ्या त्या साक्षीचं कौतुक करतात. परवा बाजारात आपल्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी भेटल्या. तू गेल्याबद्दल बोलून झालं, डोळ्यांना पदर लावून झाला, आणि मग त्यांतली एक म्हणाली, "पण बाई, तुमची साक्ष काय सुंदर झाली होती हो त्या रविवारी. अजून कानात आहे." मी नुसतं "हो का" म्हणाले आणि हातातली मेथीची जुडी परत ठेवून घरी आले. तू असतास तर हसला असतास. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून अख्ख्या गावाला गप्प बसवणारी तुझी आक्का भाजीबाजारात गप्प झाली, हे तुला बघायला आवडलं असतं.

तुला माती देऊन अजून महिना व्हायचाय. पाळकसाहेब म्हणाले, रतनबद्दल चार शब्द लिहून द्या, स्मरणाच्या उपासनेत वाचू. त्यांना हवे असलेले चार शब्द माझ्याकडे तयार आहेत. साखर कारखान्याच्या लॅबमधला हुशार केमिस्ट, चर्चमधला तबलजी, प्रेमळ नवरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते केव्हाच लिहून झाले असते. पण कागद पुढे घेतला की तुझ्याशीच बोलावंसं वाटतं, आणि जे बोलावंसं वाटतं ते चारचौघांत वाचून दाखवण्यासारखं नाही. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते, रतन. समोर तू नाहीस म्हणून लिहायचा तरी धीर होतोय.

आपल्याकडे साक्षीचं लहानपणापासून पाहत आलो आपण. कुणाचं पोर परीक्षेत पास झालं, कुणाची हरवलेली म्हैस सापडली, कुणाचा गुडघा बरा झाला की त्यानं रविवारी उपासनेत उभं राहायचं, काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि देवाची उपकारस्तुती करायची. ऐपतीप्रमाणे जेवण घालायचं. पारनेरला असताना एका आजोबांनी चष्म्याची साक्ष दिली होती आणि तू बाकाखाली तोंड घालून हसत होतास. मी तुला चिमटा काढला होता. आता मला वाटतं, त्या आजोबांची साक्ष तरी खरी होती. त्यांना दिसायला लागलं होतं. मी साक्ष दिली ती रक्तातल्या एका आकड्याची.

तो आकडा आपल्या घरात आला तो नगरच्या डॉक्टरीणबाईंमुळे. वयानं माझ्या विद्यार्थिनीच्या विद्यार्थिनीएवढी असेल. तुझ्या पोटाचा फोटो उजेडावर धरून तिनं सांगितलं की गाठ लिव्हरमधल्या मोठ्या शिरेत शिरली आहे, ऑपरेशन होणार नाही, गोळ्या देऊ. कारण विचारलं तर म्हणाली, जुन्या काविळीचे जंतू रक्तात राहिले असणार. दारूचा थेंब न घेतलेला तू, आणि गावानं मात्र लगेच विचारलं, "कारखान्याला डिस्टिलरी हाय का वो?" मी भडकले. तू म्हणालास, "असू दे आक्का, तेवढाच माझा रुबाब वाढला."

मग ती रक्ताबद्दल बोलली. दर महिन्याला रक्त बघायचं. एएफपी नावाचं एक प्रथिन असतं, ते गाठ सोडते, त्यावरून गाठीचा जोर कळतो. अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन हे लिव्हरचं सांगतात, त्याच्यात काम करायची किती ताकद उरली आहे ते. प्लेटलेट बघायच्या. पांढऱ्या पेशींतल्या दोन जातींचं एकमेकींशी प्रमाण बघायचं. "या सगळ्यांचा मिळून मी अंदाज बांधते," ती म्हणाली. "एकट्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आणि अंदाज तो अंदाजच." तू विचारलंस, "अंदाज कशाचा, मॅडम?" तिनं तुझ्याकडे नीट बघून सांगितलं, "किती वेळ हातात आहे त्याचा, सर." तू मान हलवलीस. लॅबमधला माणूस तू, तुला सरळ उत्तर आवडलं. मला ती पोरगी आगाऊ वाटली.

त्या सगळ्यांतलं एएफपी तेवढं मी उचललं. का, ते आता कळतं. ते फार वर होतं, त्यामुळे त्याला खाली यायला जागा होती. बाकीचे आकडे मुळात बरे होते, त्यांना फक्त बिघडायचं बाकी होतं. मला उतरणारं काहीतरी हवं होतं. मी घरी आले आणि सगळ्यांना कामाला लावलं, एएफपी उतरावं म्हणून प्रार्थना करा. बायकांच्या प्रार्थनासभेत "तब्येत कशी आहे" विचारायचं बंद झालं, "आकडा किती" विचारायला लागल्या. ज्यांना आपलं ब्लडप्रेशर सांगता येत नाही त्या एएफपी म्हणायला शिकल्या. तू म्हणायचास, "आक्का, तू मला नाही, माझ्या मार्कशीटला भेटायला येतेस." मी म्हणायची, "मास्तरीण आहे, दुसरं काय येणार मला?"

त्याच पहिल्या दिवशी गाडीत, राहुरी मागे टाकून आपण आपल्या देवळालीच्या रस्त्याला लागलो तेव्हा तू काचेतून बाहेर बघत म्हणालास, "एकदा राजूरला जाऊन यायला पाहिजे. भाऊरावकडे."

भाऊराव कोण ते मला माहीत होतं. लॅबमध्ये तुझ्या हाताखाली उसाच्या रसाच्या बाटल्या धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस, तुझ्याबरोबरच निवृत्त झाला आणि वर डोंगरात, राजूरला आपल्या भातशेतीवर परत गेला. वर्षातून एकदा तू तिकडे जायचास, येताना तांदूळ आणि पेढे आणायचास. एवढंच. त्याच्याकडे जायचं एवढं काय, असं मला वाटलं. मी म्हणाले, "जाऊ की. आकडा जरा उतरू दे."

तो उतरला. गोळ्यांनी तुझे तळपाय सोलून निघाले, तू घरात टाचांवर चालायला लागलास, पण आकडा उतरला. चार आकडी होता तो तीन आकडी झाला. रिपोर्टचा कागद हातात घेऊन मी त्या दवाखान्यात रडले. डॉक्टरीणबाईसुद्धा हसली. म्हणाली, "गोळी काम करतेय, चांगली गोष्ट आहे." आणि मग हसू आवरून ती पुढचं वाक्य बोलली. ते तूही ऐकलंस, मीही ऐकलं. ती म्हणाली, "पण अल्ब्युमिन घसरत चाललंय. लिव्हर थकतंय. सरांना कुठं जायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, तर ते आत्ता करा. हे दिवस चांगले आहेत, ते वापरा."

तू माझ्याकडे बघितलंस. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होते.

मला ऐकू आलं नाही असं नाही, रतन. हे तुला स्पष्ट सांगायला हवं. अल्ब्युमिनचा आकडा त्या कागदावर ठळक छापलेला होता, शेजारी खाली जाणारा बाण होता. एकाच कागदावर दोन गोष्टी खाली आल्या होत्या, एक आनंदाची आणि एक भीतीची. मी एकीवर बोट ठेवलं आणि दुसरी अंगठ्याखाली झाकली. शाळेत एखाद्या पोरीनं अशी लबाडी केली असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

परत येताना तू म्हणालास, "या रविवारी राजूरला जाऊ. भाताची कापणी चालू असेल. गाडी सांगून ठेवतो."

"या रविवारी उपकारस्तुती करायची," मी म्हणाले.

"ती पुढच्या रविवारी कर."

"देवाला पुढच्या रविवारी ये म्हणून सांगू का? लोकांनी एवढी प्रार्थना केली. राजूर कुठं पळून जातंय? चांगला बरा हो, उन्हाळ्यात जाऊ."

तू म्हणालास, "आक्का, नुसता रसाचा ब्रिक्स, म्हणजे घट्टपणा, बघून कारखाना ऊस तोडत नाही. रस घट्ट लागला म्हणजे त्यात साखरच आहे असं नसतं. प्युरिटी बघावी लागते."

"तुझा कारखाना तिकडंच ठेव," मी म्हणाले. सुनंदा पुढच्या सीटवर होती. तुझी बायको असून तिला आपल्या दोघांच्या भांडणात कधी बोलता आलं नाही, तेव्हाही ती नुसती रस्त्याकडे बघत बसली.

पाळकसाहेबांनी मला अडवलं होतं, हेही सांगते. म्हणाले, "बाई, आभार जरूर मानू. पण आकडा कशाला सांगता? रतन आज आपल्यात आहे एवढ्यासाठी आभार मानू." मला ते मिळमिळीत वाटलं. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि आधी आकडा किती होता, आता किती झाला, ते फळ्यावर लिहून दाखवावं तसं सांगितलं. माझा आवाज खणखणीत लागला होता. "माझ्या भावाला देवानं बरं केलं," असं मी म्हणाले. बरं करतो आहे असं नाही म्हणाले, बरं केलं म्हणाले. लोकांनी हालेलुया म्हटलं. तू तबल्याशी बसला होतास, पायांत मोजे घालून. ऑक्टोबरच्या भर उकाड्यात मोजे का, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. पायांना सूज यायला लागली होती ना?

जेवणाला आमटी-भात आणि लापशी होती. तुला मीठ बंद होतं, भूक तर आधीच गेली होती, पण लोक पानाशी येऊन येऊन बघत होते म्हणून तू दोन घास खाल्लेस आणि प्रत्येकाला म्हणालास, "बरंय, आता बरंय." भांडी आवरताना मी त्या दिवशी गात होते.

त्यानंतर तू कधी तक्रार केलीस? मी आठवून आठवून बघते. मी रोज सकाळी तुझ्याकडे यायची, दोन गल्ल्या तर ओलांडायच्या. तू उशीला टेकून बसलेला असायचास, केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ शर्ट. मी विचारायची, "कसं वाटतंय?" तू म्हणायचास, "बरंय." मी म्हणायची, "बघ, मी सांगितलं नव्हतं?" भाऊरावांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच डाळिंब सोलत बसले होते. तिकडून ते काय म्हणाले मला कळलं नाही. तू म्हणालास, "नाही नाही, बरंय आता. आकडा उतरलाय." आणि माझ्याकडे बघितलंस, शिकवलेली कविता बरोबर म्हटली का हे बघतात तसं. मी मान डोलावली. फोन ठेवल्यावर तू म्हणालास, "मला त्याला भेटायचं होतं गं." मी म्हणाले, "आत्ताच तर बोललास की."

"फोनवर नाही," तू म्हणालास.

मी तुला विचारायला हवं होतं, फोनवर नाही म्हणजे काय? तिथे असं काय आहे? मी डाळिंबाच्या दाण्यांची वाटी पुढे केली.

आता पुढचं लिहायला बसले की मला भलतंच आठवतं. माझे यजमान गेले तेव्हाचं. बाकीचे सगळे येऊन मला धीर देऊन गेले, तू मात्र धीर दिला नाहीस. कारखान्यातून सुटलास की सायकल दाराशी लावायचास, स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचास आणि लसूण सोलायला घ्यायचास. मी काहीही बोलायची. गेलेल्या माणसाला शिव्या द्यायची, देवाला बोल लावायची, सासरच्यांचा उद्धार करायची. एकदा तर म्हणाले होते की मला जगायचं नाही. तू "असं बोलू नये" म्हणाला नाहीस. लसणाची पाकळी बोटांत धरून म्हणालास, "फार होतंय ना?" बस. कितीतरी महिने तू असा आलास. माझ्या घरात तेव्हा इतका लसूण सोललेला असायचा की शेजारणी मागून न्यायच्या. मी त्या दिवसांतून उठले ती तुझ्यामुळे, आणि हे तुला एकदाही सांगितलं नाही. वाटलं, धाकट्या भावाला काय सांगायचं, त्याला माहीतच असेल.

तुझी वेळ आली तेव्हा मला लसूण सोलता आला नाही.

पोटात पाणी झालं, ते काढून आणलं, परत झालं. डोळे पिवळे झाले. आता डॉक्टरीणबाईचे सगळे आकडे एका दिशेला चालले होते, आणि एएफपी, माझं एएफपी, अजूनही खालीच होतं. मी तेवढंच धरून बसले होते. तू म्हणालास, "आक्का, गोळ्या थांबवू का? पायानं चालवत नाही. चार दिवस नीट चालता आलं तर..." तुझं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. "सगळ्यांसमोर साक्ष दिली आहे आपण," मी म्हणाले. "आता मागे फिरायचं म्हणजे अविश्वास झाला." "आपण" म्हणाले मी. साक्ष माझी होती. तुला कुणी विचारलंच नव्हतं.

आजारी माणसाला मी अविश्वासू म्हणाले, रतन. तू त्यावर मला काही बोलला नाहीस, आणि मला वाटलं, तुला पटलं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सुनंदा आत काहीतरी करत होती, मी तुझ्या कॉटशी बसले होते. बाहेर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज चालला होता. मला वाटलं तुला डुलकी लागली आहे. तू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालास, "आक्का, दुखतंय म्हणू का?"

परवानगी मागितलीस. वर्गात बाहेर जायला मागतात तशी.

मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी तुझा हात धरला, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. चांगली लांब केली. डोळे उघडले तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलं होतंस. मला आपल्या दोघांत तेव्हा नक्की कुणाचं सांत्वन हवं होतं, हे आता विचारण्यात अर्थ नाही.

मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, शेवट कसा झाला? मी म्हणाले, "शांतपणे प्रभूत निजला." त्यांनी कबरीशी तेच सांगितलं. ही माझी दुसरी साक्ष. भाऊराव पोचले तेव्हा लोक परतायला लागले होते. ते बाजूला उभे राहिले, पायांतल्या चपला काढून, कुणाशीही न बोलता. मी त्यांना चहालाही थांबवलं नाही.

मग चारपाच दिवसांनी सुनंदानं मला सांगितलं. मुद्दाम नाही. ती चहा गाळत होती आणि मी म्हणत होते की रतननं किती सोसलं, पण तोंडातून हूं काढलं नाही. ती तशीच गाळणी धरून म्हणाली, "कण्हायचे की, आक्का. तुम्ही असताना नाही. तुम्ही निघालात की मला विचारायचे, आक्का गेली का? फाटकाचा आवाज आला का बघ. मग कण्हायचे."

मी विचारलं, "माझ्यासमोर का नाही?"

"मीही विचारलं होतं त्यांना. तर म्हणाले, आक्कानं एवढ्या लोकांपुढं साक्ष दिलीय. मी कण्हलो तर ती खोटी पडेल." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं वर साखर कमी आहे का तेही विचारलं.

रोज सकाळचा तुझा तो विंचरलेला भांग, रतन. मी तो बघून खूश व्हायची.

गेल्या गुरुवारी मी राजूरला गेले. सुनंदाला चल म्हटलं, ती म्हणाली, "तुम्हीच जा. तुम्हाला जायला पाहिजे." संगमनेर, अकोले, मग वर. एसटीत खिडकीशी बसून सगळा रस्ता मी तुझ्या जागी बघायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, मला घाट लागतो, तुला माहीत आहे. भाऊरावांचं घर बाजारापासून जरा लांब, पुढे ओटा, त्यापुढे कापून झालेली भाताची खाचरं. ते मला बघून गडबडले. सुनेला पाणी आणायला सांगितलं, सतरंजी टाकली.

"मी येनारच हुतो, बाई," ते आपण होऊनच म्हणाले. "भाताच्या कापनीत पोराला म्हनलो बी, चल, सायबांना बघून येऊ. मंग मीच फोन लावला तर सायेब म्हनले, आकडा उतरलाय. आन् हितं बाजारात तुमच्या देवळालीचा एक टेम्पोवाला भेटला. त्यो म्हनला, चर्चमधी जेवान झालं, सायेब पार बरे झाले. म्या म्हनलं, झ्याक झालं, आता त्येच येतील वरती. म्हनून न्हाई आलो."

माझी साक्ष इथवर चढून आली होती, रतन. तू येऊ शकला नाहीस, ती आली.

मी त्यांना विचारलं, "त्याला तुमच्याशी काय बोलायचं होतं? काही राहिलं होतं का तुमचं?"

त्यांनी जरा विचार केला. "काय न्हाई वो. आमी बोलत कुठं हुतो? सायेब यायचे, बूट काढायचे आन् ह्या वट्यावर पडायचे. म्हनायचे, भाऊराव, पाठ लई दुखती. म्हनायचे, भाऊराव, ह्या साली साखरंची रिकव्हरी पडली, वरच्या सायबांनी मलाच झापलं. काय आसंल ते म्हनायचे. मी आपला हितं बसायचो. संध्याकाळी जेवून जायाचे." ते ओट्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत होते. "घरी कुरकुर करता येत न्हाई म्हनायचे. घरी आक्का हाय."

हे ते हसून म्हणाले. तूही हसूनच म्हणाला असशील. मग ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "लई तरास झाला का वो, सायबांना?"

तू गेल्यापासून मला हे कुणीच विचारलं नव्हतं. एवढी माणसं भेटायला आली. सगळ्यांनी मला तू किती शांत गेलास ते सांगितलं, आणि ते माझ्याचकडून त्यांना कळलं होतं. माझ्या तोंडात तेच वाक्य तयार होतं, शांतपणे निजला. मी तोंड उघडलंसुद्धा.

"हो," मी म्हणाले. "फार झाला."

भाऊरावांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. मग टॉवेलातूनच म्हणाले, "मला वाटत हुतं, झोपंत गेले. म्हनत हुते का, दुखतंय म्हनून?"

"मी म्हणू दिलं नाही."

त्यांनी मला "आसू द्या, बाई" म्हटलं नाही. "तुमी परेमापोटीच केलं" असंही म्हटलं नाही. ते उठले, आत गेले, आणि नव्या तांदळाची पिशवी घेऊन आले. "सायबांचा वाटा काढून ठेवला हुता," म्हणाले. ती पिशवी मांडीवर घेऊन मी खाली आले. घाट मला उतरतानाही लागला.

काल सुनंदाकडे त्यातला भात केला. आम्ही दोघी जेवायला बसलो आणि मी तिला म्हणाले की माझ्या गुडघ्यात दोन दिवसांपासून फार कळ येतेय. एरवी मी असं सांगत नाही. तिनं ताट बाजूला सारलं आणि तेल आणलं. असं सांगितलं की माणूस उठून तेल आणतं, एवढी ती साधी गोष्ट. तुला माझ्यापुढे तेवढीही मिळाली नाही.

माझा देवावर राग नाही. आकड्यावरही नाही. एएफपीनं त्याला माहीत होतं तेवढं खरंच सांगितलं होतं, आणि त्या पोरीनं, डॉक्टरीणबाईनं, बाकीचं सगळं नीट समजावलं होतं. वेळ हातात होता, थोडा होता, आणि तो कशासाठी हवा आहे हे तू मला पहिल्याच दिवशी गाडीत सांगितलं होतंस. मी तो लापशीत घालवला. तू मला माफ केलंयस का हे मी विचारत नाही. तू करशीलच. माझी अब्रू राखायला तू दात आवळून शर्ट बदलून बसायचास, तो तू माफी द्यायला कशाला अनमान करशील? म्हणून तर मला तुझ्याकडे ती मागवत नाही.

उद्या रविवार. पाळकसाहेबांना चार शब्द हवे आहेत, ते मी दिलेले नाहीत. उपासनेत साक्षीची वेळ येईल, ते नेहमीप्रमाणे विचारतील, कुणाला काही सांगायचं आहे का? बाजारात भेटलेल्या त्याच दोघी पुढच्या बाकावर असतील. मी लहानपणापासून तुझ्या वतीनं बोलत आले, कुणी तुला नाव विचारलं तरी उत्तर मीच द्यायची. उद्याही उभी राहीन. या वेळी माझं काही सांगणार नाही, तू सांगितलेलं सांगेन.

"रतनला दुखत होतं," म्हणेन, आणि खाली बसेन.